शेंदराखालचा नंबर

शेंदूर पुसायला अमीनसाहेबांनी रॉकेलचा बोळा मागितला, तेव्हा आमच्या घरात कोणालाच काही वाटलं नाही. आईने आतून चिंधी दिली, बाबांनी तिच्यावर रॉकेल ओतलं. लॉरी घरासमोर चिंचेखाली उभी होती. साहेब पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि लोखंडी चासीवर थापलेला शेंदूर घासू लागले. मी दाराआड होते. दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिच्यातून साहेबांची पाठ, बाबा आणि लॉरीचं नाक एवढं दिसत होतं.

घासणं थांबलं. साहेबांनी वाकून ती जागा निरखली. मग बाबांकडे न बघताच त्यांनी विचारलं, "सेठ, ये टुकड़ा किसने जोड़ा?"

"मैंच जोड़ा साब," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मतलब लोहार के हात से. लेकिन मैं खुद खड़ा था."

"और असली नंबर?"

"वो घिस डाला ना. एक गाड़ी को दो नंबर कैसे रखना?"

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी बोळा खाली टाकला, हात धोतरासारख्या पांढऱ्या रुमालाला पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "सेठ, तुमको मालूम है तुम क्या बोले? ये बात चोर भी अपने मुँह से नहीं बोलता."

बाबा हसले. साहेबांनी थट्टा केली असं त्यांना वाटलं. साहेब हसत नाहीत हे दिसल्यावर त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, आणि ते पुसायचं कसं हेच त्यांना कळेना. ते मी फटीतून बघितलं.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. अमीन म्हणजे ठाण्याचे मुख्य. मोटारींचे कागद पोलिसांच्याच हातात असत. आम्ही राहायचो नेरडीगोंड्याला, सडकेला लागून. बाबांची एकच लॉरी होती. हंगामात ते आसपासच्या गावांतला कापूस भैंशाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात पोचवत, लॉरी स्वतःच चालवत. तेवढ्यावर घर चालायचं. दर सालाला लॉरी दाखवून परवाना नवा करून घ्यावा लागे, त्याला मुआयना म्हणत. साहेब त्या मुआयन्यालाच आले होते. आईने त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवलं होतं. ते चुलीवर तसंच उकळत राहिलं.

बाबांनी काय केलं होतं ते सांगते.

आदल्या हंगामात घाटातून उतरताना लॉरीची चासी तडकली होती. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, इंजिन, चाकं, वरची लाकडी बॉडी सगळं जिच्यावर बसतं ती. लोहाराने पट्टी मारून दिली, पण ती पंधरवड्यात पुन्हा उघडली. लढाईचे दिवस होते. नवी चासी कुठेच मिळत नव्हती. पेट्रोलही मिळत नव्हतं, म्हणून लॉरीच्या पाठीला कोळशाच्या ग्यासची टाकी लावलेली, सकाळी तासभर भाता मारल्यावर ती चालू व्हायची. शेवटी बाबांनी नागपूरच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून दुसऱ्या मोडलेल्या लॉरीची चासी घेतली. पैनगंगेच्या अलीकडे करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरली. नाक्याच्या कारकुनाने पावतीवर नुसतं 'लोखंडी सांगाडा एक' असं लिहिलं. दुकानदाराची पावती मात्र इंग्रजीत होती आणि तिच्यावर चासीचा नंबर होता.

चासी दारात उतरली तेव्हा बाबांनी मला बाहेर बोलावलं. मी नागपूरला मावशीकडे राहून मिशनच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकले होते. बाबांना उर्दू चांगलं येई, मराठी मोडी येई, इंग्रजी अक्षर एकही येत नसे. "बाई, हे पाह्य," ते म्हणाले, "कागदावरचा अन् लोखंडावरचा एकच हाय का?" मी पावती हातात धरून चासीवर वाकले आणि एकेक अक्षर, एकेक आकडा ताडून पाहिला. एकच होता. शेवटचा आकडा तेवढा तिरपा ठोकला होता, रांगेतून खाली घसरलेला. "एकच आहे," मी सांगितलं. "झालं मंग," बाबा म्हणाले, आणि मी आत आले. त्या चासीशी माझा संबंध एवढाच, असं मला वाटत होतं.

नंतरचं मी दारातूनच पाहिलं. लोहार आला. बाबांनी त्याच्याकडून जुन्या चासीवरचा, नंबर असलेला, तळहाताएवढा तुकडा कापून घेतला. नव्या चासीचा नंबर कानशीने घासून सपाट केला. मग त्याच जागेच्या वरच्या अंगाला तो जुना तुकडा चार खिळ्यांनी पक्का ठोकून बसवला. त्याला शेंदूर लावला, नारळ फोडला, खोबरं वाटलं.

हे त्यांनी का केलं, हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. देवघरातले चांदीचे टाक वर्षानुवर्षं धुऊन पुसून झिजतात. देवाचं नाक डोळे दिसेनासे झाले की सोनाराकडून नवे टाक करून आणतात, पण जुना टाक मोडीत घालत नाहीत. त्यातली चांदी थोडी तरी नव्यात मिसळायचीच. मग ते टाक नवे राहत नाहीत, आपले देव आपल्याच घरात राहतात. आजोबांनी तसं केलं होतं, बाबांनीही एकदा केलं होतं. लॉरीचंही त्यांनी तेच केलं. परवान्यावर जो नंबर आहे तोच गाडीवर राहिला, म्हणजे गाडी तीच राहिली. यात लपवण्यासारखं काही असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणूनच तर त्यांनी साहेबांना आपण होऊन सगळं सांगितलं.

साहेब बाजेवर बसले. चहा नको म्हणाले. त्यांनी बाबांना नियम सांगितला तो मला अजून आठवतो, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य ऐकताना मी मनात म्हणत होते, हे आम्हाला कोणी आधी का नाही सांगितलं.

चासी बदलायची तर आधी दरखास्त द्यायची. जुनी चासी का निकामी झाली ते दाखवायचं. साहेबांनी पाहिल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. नवी चासी कुठून आणली त्याचा पुरावा द्यायचा, तिचा स्वतःचा नंबर दप्तरात चढवायचा, जुना तिथून काढायचा. मग परवाना तोच चालतो. "लोग समझते हैं गाड़ी का नाम उसकी पट्टी पर है," साहेब म्हणाले. "नहीं. गाड़ी का नाम चासी पर है. उसको कोई हात नहीं लगाता. मैं भी नहीं."

"बराबर है साब," बाबा म्हणाले. "तो अब लगाते दरखास्त."

"अब?" साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "अब मेरे सामने ऐसी चासी है जिसका नंबर घिसा हुआ है, और ऊपर दूसरी गाड़ी का नंबर ठोका हुआ है. चोरी की गाड़ी ऐसीच रहती, सेठ. पुरानी चासी किधर है?"

बाबांनी लोहाराला बोलावून घेतलं. त्याचं घर दोन घरं सोडून होतं.

"जुनी चासी?" लोहार म्हणाला. "थे तं फाळ झाले जी. अर्ध्या गावाच्या नांगराले लागले."

"सगळी?"

"एक तुकडा हाय. म्हशीचा खुटा केला."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आई माझ्यामागे उभी होती, तिने तोंडाला पदर लावला. इतर कुठल्याही दिवशी ती हसली असती.

"नयी चासी का नंबर तूने देखा था?" साहेबांनी लोहाराला विचारलं.

"पाह्यला ना जी. मीच घासला."

"क्या था?"

"अक्षरं व्हती."

"कौनसी?"

"आता थे मले काय ठाव साहेब. इंग्रेजी व्हती. मी त्याईले वाचून राह्यलो व्हतो का, घासून राह्यलो व्हतो."

साहेबांनी त्याला बाजूला बसवलं. मग ते बाबांकडे वळले. दुकानदाराची पावती त्यांच्या हातात होती. त्यांनी ती दोनदा पाहिली होती. "सेठ, अब एकच बात है. इस कागज़ पर जो नंबर है, वोच इस लोहे पर था, ये किसने देखा? कोई तो पढ़ के मिलाया होगा. वो आदमी बताओ. नहीं तो ये कागज़ किसी भी लोहे का है, और मेरे को गाड़ी जप्त करके तुमको साथ ले जाना पड़ता."

मला वाटलं बाबा आता दाराकडे बघतील.

ते म्हणाले, "मैंच मिलाया साब. मैं अकेलाच था."

मी बाबांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. तराजूच्या मापात नाही, जिनातल्या हिशेबात नाही, घरात तर नाहीच. त्यांच्या तोंडून ते वाक्य इतक्या सहज आलं की क्षणभर मलाच वाटलं, खरंच मी तिथे नव्हते. आईने मागून माझं मनगट धरलं. तिला माझ्या आधी कळलं होतं.

"भैंशाचे लोक येनार हायेत," ती माझ्या कानात म्हणाली. भैंशाच्या जिनातल्या मुनिमाच्या मुलाशी माझं बोलणं चाललं होतं. "पोलिसाच्या कागदात पोरीचं नाव गेलं तं कोन येईन? तू हालू नोको."

बाहेर साहेबांनी पावती बाबांपुढे धरली. "अच्छा. तो पढ़ के सुनाओ."

बाबांनी कागद घेतला. तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मी फटीतून त्यांचा अंगठा पाहत होते. तो नंबरावर नव्हता. तो दुकानदाराच्या पत्त्यावर होता. ते पत्त्यातल्या आकड्यांकडे बघत होते आणि ओठ हलवत होते.

"पढ़ो सेठ."

"चष्मा अंदर है साब."

बाबांना चष्मा नव्हता.

लोहार जमिनीकडे बघत होता. चिंचेवरून कावळा उडाला तो आवाज मोठा वाटला. साहेबांच्या तोंडावर राग नव्हता, उलट त्यांनाच लाज वाटल्यासारखं दिसत होतं. त्यांनी बरोबरच्या शिपायाला खूण केली, तो लॉरीकडे निघाला. बाबा कागद तसाच धरून उभे होते. मी शाळेत उत्तर येत असूनही कधी हात वर केला नव्हता. पाहुणे आले की मी मागच्या दाराने विहिरीवर जात असे. मी आईचा हात सोडवला कसा ते मला आठवत नाही. मनगटावर तिची नखं उमटली होती, ती मात्र संध्याकाळी दिसली.

मी बाहेर गेले, बाबांच्या हातातला कागद घेतला आणि नंबर वाचला. आवाज माझा नव्हता, इतका बारीक आला. साहेब म्हणाले, "ज़ोर से, बेटी." मी पुन्हा वाचला.

"लोहे पर तूने देखा था?"

"हां."

"यही था?"

"हां. आखरीवाला तिरछा था. नीचे गया था." एवढं हिंदी मी एका दमात कधीच बोलले नव्हते.

साहेबांनी मला लॉरीपाशी नेलं नाही. ते स्वतः गेले, उकिडवे बसले, बोट थुंकीने ओलं करून घासलेल्या जागेच्या खालच्या कडेला फिरवलं. लोहाराची कानस सरळ रेषेत चालली होती. रांगेतून खाली घसरलेल्या आकड्याचं शेपूट तिच्या तावडीतून सुटलं होतं. साहेबांनी शिपायाला दाखवलं, मग लोहाराला, मग बाबांना. बाबांनी वाकून पाहिलं आणि तिथेच चाकाला टेकून बसले.

"अकेले थे, हौ?" साहेब त्यांना म्हणाले.



त्या दिवशी लॉरी जप्त झाली नाही, बाबांनाही नेलं नाही. पण तहरीर, म्हणजे घडलेल्या गोष्टीची लेखी जबानी, करावी लागली. मी आत गेले. बाबा साहेबांना बाजूला चिंचेमागे घेऊन गेले आणि हात जोडून काही बोलले. ते मला ऐकू आलं नाही, पण काय असेल ते कळलं. साहेब बराच वेळ नकाराची मान हलवत होते. शेवटी त्यांनी लिहिलं की घरच्या एका शिकलेल्या माणसाने नंबर वाचला व ताडून पाहिला. माणसाचं नाव लिहिलं नाही. लॉरीच्या चाकांना साखळी लागली. वरच्या कचेरीची मंजुरी आल्यावर ती काढायची, तोवर लॉरी जागची हलवायची नाही.

बाबा माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "हिले कोनं बोलावलं व्हतं?" आई म्हणाली, "तुमच्या चष्म्यानं." माझ्यामुळे बाबा सुटले की माझ्यामुळे उघडे पडले, हे मला तेव्हा ठरवता येत नव्हतं. आजही नीट ठरवता येत नाही.

कापसाचा हंगाम आला. सडकेवरून रोज बैलगाड्यांच्या रांगा जाऊ लागल्या, मधूनमधून दुसऱ्यांच्या लॉऱ्या. आमच्या लॉरीच्या टपावर चिंचेचा पाला साचला. शेतकरी येत, साखळीकडे बघत आणि म्हणत, "भाऊ, यंदा काय?" बाबा म्हणत, "आज उद्या सुटन." शेतकरी आणखी थोडा वेळ बसत, तंबाखू मळत, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या लॉरीत कापूस भरत.

मग साहेब पुन्हा आले. वरच्या कचेरीतून मिसल, म्हणजे या प्रकरणाची कागदपत्रं, परत आली होती. शेऱ्यात एकच प्रश्न होता, पाहणारा माणूस कोण. नाव, बापाचं नाव, सही. नावाशिवायची जबानी म्हणजे जबानी नाही. मंजुरी मिळाली तर जुना परवाना तसाच राहील, नाही मिळाली तर ही गाडी नवी धरली जाईल आणि लढाई संपेतो नवे परवाने बंद होते. म्हणजे लॉरी चिंचेखालीच राहणार.

साहेबांनी हे सगळं बाबांना ओसरीवर बसून सांगितलं. या वेळी चहा घेतला. त्यांनी माझ्या नावाचा विषयसुद्धा काढला नाही, नुसता कागद पुढे ठेवला आणि वाट पाहिली.

मी पुन्हा त्याच दाराआड होते. मला खात्री होती बाबा काय म्हणतील. घर लॉरीवर चालत होतं. आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या होत्या, हे मला सांगितलं नव्हतं तरी तिचे हात मला दिसत होते. मी पदर सारखा केला आणि हाक यायची वाट पाहू लागले.

"रहने दो साब," बाबा म्हणाले.

"क्या रहने दो?"

"गाड़ी. बेच देंगे लोहे के भाव में. लड़की का नाम नहीं देता मैं."

आई दाराआड मटकन खाली बसली. मला तर पहिल्या दिवसापेक्षा मोठा धक्का बसला. त्या दिवशी बाबांनी माझ्यासाठी खोटं बोलून बघितलं होतं, ते मला समजलं होतं. आज ते खरं ऐकून, सगळं समजून, लॉरी द्यायला निघाले होते. त्यासाठी त्यांनी कोणालाच विचारलं नाही, आईलाही नाही. मला तर नाहीच.

"सेठ, सोच लो," साहेब म्हणाले. "मैं भी लड़कीवाला हूँ. लेकिन ये चोरी का कागज़ नहीं है. ये तो गवाही है."

"तुमच्यात चालत असन," बाबा मराठीत म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "माफ करना साब."

"हमारे में भी नहीं चलता," साहेब म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. तिने या वेळी माझा हात धरला नाही. ती माझ्याकडे बघत होती, पण जा असंही म्हणत नव्हती आणि नको असंही नाही. "पाह्य बाई," एवढंच म्हणाली. "मले काही सुचून नाही राह्यलं."

मी ओसरीवर गेले आणि बाबांच्या मागे उभी राहिले. बाबांनी वळून पाहिलं. "आत जाय," ते म्हणाले.

मी आत गेले नाही. साहेबांना म्हणाले, "लिखिए. मैंने देखा था." आणि माझं नाव सांगितलं.

"बाई!" बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांच्या आवाजात मला जे ऐकू आलं ते मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ते घाबरले होते.

"बाबा, मी खरंच पाहिला होता," मी म्हणाले. "तुम्ही म्हणता मी नव्हते. मी होते ना."

साहेबांनी लेखणी उचलली होती, पण टेकवली नव्हती. ते बाबांकडे बघत होते. सडकेवरून एक बैलगाडी पूर्ण आमच्या दारावरून गेली, कापसाच्या गठ्ठ्यांवर झोपलेल्या माणसासकट. मग बाबांनी मान हलवली. हो म्हणून नव्हे, माणूस थकल्यावर हलवतो तशी. साहेबांनी लिहायला घेतलं.

पुढचं लवकर सांगते. मंजुरी आली. साहेबांसमोर लोहाराने खिळे छाटले आणि जुना तुकडा काढला. बाबांनी तो मागितला, साहेब म्हणाले तो मिसलीबरोबर जाईल. बाबांनी त्याला हात लावून नमस्कार केला आणि दिला. घासलेल्या जागी पावतीवरचाच नंबर पुन्हा ठोकला गेला, या वेळी रांगेत सरळ. हंगामाचा शेवटचा कापूस तेवढा आमच्या लॉरीतून भैंशाला गेला. भैंशाच्या लोकांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवलं. पत्रिका त्यांनी आधीच जुळवून पाहिली होती. आई पंधरा दिवस रडली, मग तिने बाबांना नवं स्थळ बघायला सांगितलं.

पण माझ्या मनात ते सगळं मागे राहिलं आहे आणि ओसरीवरचा तो दिवस पुढे आहे. तहरीर लिहून झाली की ती मोठ्याने वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, असा कायदा होता. साहेबांनी कागद बाबांपुढे केला. "उर्दू तो तुम मेरे से अच्छा पढ़ते सेठ. तुमीच सुनाओ."

बाबांनी वाचायला सुरुवात केली. भैंशाचे कापसाचे भाव वाचतात तसं, एका सुरात. तारीख, गाव, गाडी, चासी. मग ते थांबले. मला वाटलं अक्षर लागत नसेल. आमच्याकडे वयात आलेल्या मुलीला नावाने हाक मारत नाहीत, बाईच म्हणतात. बाबांच्या तोंडून मी माझं नाव किती वर्षांत ऐकलं नव्हतं हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यांनाही कळलं असावं. त्यांनी घसा साफ केला. माझं नाव वाचलं, त्यापुढे मुलगी अमुकाची म्हणून स्वतःचं वाचलं. "इसने पढ़ा," ते वाचत गेले, "और इसने अपनी आँख से देखा." दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या.

त्यांनी खाली सही केली आणि दौत माझ्याकडे सरकवली.

"इंग्रजीत कर," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, लेखणी पुसत. "भैंशाच्या लोकाईले वाचता नाही येनार."

मी सही केली.